म्हापशाचा शुक्रवार

मे महिन्यात म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जायचं तर सकाळीच. ऊन चढेपर्यंत परसातली फळं संपतात आणि उरतात ती घाटावरून ट्रकने आलेली. आसपासच्या गावांतल्या बायका टोपल्या घेऊन बसलेल्या असतात: मयड्याची थोराड केळी, करवंदं, आंबट ओटंबं, कधी चिरून ठेवलेला फणस. कापा की रसाळ ते विचारून घ्यावं. आमच्या घरात यावरून अजून दोन तट आहेत.

पण डोळे शोधतात ते मानकुराद. नाव पोर्तुगीज 'मालकोरादा'वरून आलेलं, म्हणजे ज्याला धड रंग नाही असा. साल फिकटच. आत मात्र केशरी गर, रेषा जवळजवळ नाहीत.

आमच्या घरामागेही मानकुरादाचं झाड आहे. बाबा गेल्यावर वर चढणारं कुणी उरलं नाही, म्हणून मोहोर आला की ते कंत्राटाने देतो. बोलीप्रमाणे दोन डझन आंबे घरात येतात, बहुतेक लहान. यंदा ते पाहुण्यांतच संपले.

बाजारात एकीला डझनाचा भाव विचारला. "घरचे गो बाय, तणसात पिकवलेले," ती म्हणाली. थोडी घासाघीस करून घेतले.

घरी आईने एक उचलला, देठाशी वास घेतला.

"आपल्या झाडाचे नव्हेत."

मी काही बोलले नाही. तिने तो खाल्ला, कोय पांढरी होईस्तोवर चोखली आणि दुसरा मागितला.