मॉनिटरच्या पाठीवरची मनी

खडकवासल्याच्या जुन्या घरांतून मांजर असतं ते हौसेपेक्षा गरजेपोटी. एकीकडे धरणाचं पाणी, दुसरीकडे एनडीएचं रान, वरच्या अंगाला भाताची खाचरं. पहिला जोराचा पाऊस झाला की बिळांत पाणी शिरतं आणि उंदीर-चिचुंद्र्या कोरडी जागा शोधत घरात येतात. पूर्वी उंदीर धान्याची पोती कुरतडायचे. घरात कॉम्प्युटर आल्यावर त्यांना वायरी सापडल्या. म्हणजे या गावात मांजर कॉम्प्युटरच्या राखणीला होतं असं म्हटलं तरी चालेल. राखणदारच पुढे मालासकट जागा बळकावून बसला, ही गोष्ट वेगळी.

गावठाणातल्या एका घरात नव्वदच्या दशकाच्या अखेरीस डीटीपीचं काम सुरू झालं. काम करणाऱ्या ताई लग्नपत्रिका, दिवाळी अंकातले लेख, शाळांच्या स्मरणिका असं मिळेल ते जुळवत. यंत्र तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून असेंबल केलेलं, त्यावर श्री-लिपी, आणि मॉनिटर मागे ही एवढी ढेरी असलेला. त्या ढेरीवर मनी झोपायची. शेपटी पडद्यावर लोंबायची. ताई पेन्सिलीने ती शेपटी उचलून ओळीचा शेवट वाचत, कारण नेमका तिथलाच अनुस्वार राहून गेलेला असे.

घरातल्या सगळ्यांनी याला लाडावलेपण म्हटलं. ताईंनी मात्र एक गोष्ट हेरली होती. मॉनिटर बंद करून थोडा वेळ गेला की मनी उठून चुलीकडे जायची. तिला ना पडद्याचं कौतुक होतं, ना ताईंच्या कामाचं. मांजराच्या अंगाचं तापमान 38 ते 39 अंशांच्या आसपास असतं, आणि ऊब टिकवायला वेगळी शक्ती खर्चावी लागू नये अशी हवा त्याच्यासाठी साधारण 30 अंशांपासून पुढे सुरू होते. आपल्याला पंखा लावावासा वाटतो तिथे त्याला नुकतं कुठे बरं वाटायला लागतं. हिवाळ्यात तर एनडीएचा पारा पुण्यातल्या शिवाजीनगरच्या बरेचदा खाली असतो. अशा पहाटे काचेच्या नळीचा तो मॉनिटर सत्तर-ऐंशी वॅट वीज खाऊन तिची जवळजवळ सगळी उष्णता करायचा, आणि ती बाहेर पडायची वरच्या फटींतून. मनी बसायची ती नेमकी त्या फटींवर.

तेव्हापासून त्या घरातल्या मांजरांचा इतिहास म्हणजे कॉम्प्युटरमधली उष्णता कुठून कुठे सरकली त्याचा इतिहास आहे. मॉनिटर चपटा झाला, वर पंजा टेकायलाही जागा उरली नाही. मग मनीची लेक यूपीएसवर गेली. लोडशेडिंगचे दिवस होते आणि आतला ट्रान्सफॉर्मर कायम कोमट असे. बटण वरच्या अंगाला असल्यामुळे तिने कूस बदलली की छापायला निघालेली पत्रिका गडप. पुढे वायफायचा राउटर आला. त्याच्यावर मावेल एवढं पिल्लूच असतं, पण पिल्लू तिथे असतंच.

सर्वांत महागात पडला तो बोका. जमिनीवर ठेवलेल्या कॅबिनेटची उभी पाठ त्याला हद्द आखायला सोयीची वाटली. क्षार आणि अमोनियाची ती धार जाळीतून आत गेली की सर्किटवरचं तांबं हिरवं पडतं. (बहुतेक बोक्यांची ही खोड नसबंदीनंतर सुटते; तो खर्च मदरबोर्डपेक्षा कमी आहे.) कॅबिनेट उघडल्यावर हार्डवेअरवाल्या पोराने आत बघितलं. पंख्याची पाती आणि हीटसिंक यांच्यामध्ये केसांची राखाडी गादी जमली होती, पावसाळी दमटपणाने दाबून बसलेली. तो म्हणाला, "ताई, एवढ्यात एक हातमोजा होईल." मग त्याने ब्लोअर मारला आणि ओसरीभर मांजर उडालं.

मांजर आणि कीबोर्ड यांचं वाकडं जगभर आहे. अमेरिकेत टक्सनच्या ख्रिस निस्वांडर यांनी मांजराचे पंजे पडले की ओळखणारं आणि कीबोर्ड बंद करणारं सॉफ्टवेअर लिहिलं. 'पॉसेन्स' हे त्याचं नाव. 2000 साली त्याला गमतीशीर संशोधनाचं इग्नोबेल पारितोषिक मिळालं. उलट 1975 मध्ये मिशिगनच्या जॅक हेदरिंग्टन या भौतिकशास्त्रज्ञाने शोधनिबंधात सगळीकडे 'आम्ही' लिहून ठेवलं होतं आणि लेखक तर एकटाच. टाइपरायटरवर सगळं पुन्हा बडवण्याचा कंटाळा आला म्हणून त्याने आपल्या चेस्टर नावाच्या सयामी मांजराला एफ. डी. सी. विलार्ड या नावाने सहलेखक केलं. निबंध 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स'मध्ये छापूनही आला. कॉम्प्युटर असता तर एक शब्द बदलायला किती वेळ लागतो! चेस्टरचं नाव त्या गैरसोयीमुळेच झालं.

ताईंच्या घरात इतकं कर्तृत्व कुणी दाखवलं नाही. ताई इनस्क्रिप्टवर आल्यावर एवढंच कळलं, की मांजर कीबोर्डच्या उजव्या अंगाला पसरलं तर प, र, क, त अशी अक्षरं उमटतात, आणि डाव्या अंगाला पसरलं तर बहुतेक काना-मात्राच, ठिपक्यांच्या रिकाम्या वर्तुळांना टांगलेल्या. त्या फळीवर स्वर डावीकडे आणि व्यंजनं उजवीकडे असतात. कुठल्या बाजूने स्वारी गेली ते फाइल उघडताच समजतं.

2020 च्या मार्चमध्ये हिंजवडीला जाणारा मुलगा लॅपटॉप घेऊन घरी बसला. आता ऊब थेट कीबोर्डखालीच आली. तो दर वेळी ओरडायचा, उचलून खाली ठेवायचा, मग वाईट वाटून दोन मिनिटं कुरवाळायचा. मांजराने त्यातून काय शिकायचं ते शिकून घेतलं. ताईंनी पुठ्ठ्याच्या खोक्यात जुना स्वेटर घातला आणि ते टेबलावर, दिव्याच्या उजेडात ठेवलं. झटापट संपली. दोष मांजराचा नाही आणि यंत्राचाही नाही. घरातली सगळ्यात उबदार जागा आपण कामाची म्हणून ठरवतो, भांडण तिथे आहे. 2022 च्या जानेवारीत स्टारलिंकच्या बर्फ वितळवणाऱ्या तबकडीत दाटीवाटीने बसलेल्या मांजरांचा फोटो जगभर फिरला. तिथेही कारण हेच होतं.

ज्यांच्या घरी दोन्ही आहे त्यांच्यासाठी एक सूचना. कॅबिनेट जमिनीवरून वर घ्या आणि पंख्यांना बाहेरून बारीक जाळी लावा. जाळी चुंबकाच्या पट्टीची घ्या. स्क्रूची असली की काढून धुवायचा कंटाळा येतो, आणि पावसाळ्यात ती महिन्यातून एकदा तरी धुवावीच लागते.