लिंकच्या वरच्या दोन ओळी

नुसती लिंक पाठवणारा माणूस अर्धं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारतो, असं माझं मत आहे. पाठवतो मीही. कामाच्या पद्धती, तंत्रज्ञान, सिनेमा, गाणं, जे नेटवर वाचलं आणि कुणाच्या तरी कामी येईल असं वाटलं ते, शनिवारी सकाळी, ठरावीक माणसांना. पण वर दोन ओळी लिहिल्याशिवाय नाही. आणि या दोन ओळी कधीकधी लेख वाचण्यापेक्षा जास्त वेळ खातात.

त्यात सारांश नसतो. तो दिला की लेख उघडायचं कारणच उरत नाही. 'अप्रतिम', 'जरूर वाचा' हेही नसतं. लेख कुणी, कधी लिहिला, किती लांब आहे, तुलाच का पाठवतोय आणि कुठे अडखळशील, एवढंच. पॉल फोर्डच्या 'व्हॉट इज कोड?' या लेखासाठी 'ब्लूमबर्ग बिझनेसवीक'ने 2015 साली अख्खा अंक दिला होता. सुमारे 38 हजार शब्द! 'मोठा आहे पण छान आहे' म्हटलं तर कोण वाचणार? विमा कंपनीतल्या एका मित्राला मी लिहिलं, "सॉफ्टवेअरवाले तारीख का पाळत नाहीत, असं तू नेहमी विचारतोस. हा लेख तुझ्यासारख्याच एका साहेबाच्या केबिनमध्ये सुरू होतो. कोड दिसला की थांबू नकोस, पुढे जा." त्याने वाचला. तारखेवरून अजूनही भांडतो, पण आता नेमके प्रश्न विचारून.

रिचर्ड कुक यांचं 'हाऊ कॉम्प्लेक्स सिस्टिम्स फेल' हे टिपण मला सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींकडून मिळालं. 1998चं, मोजकीच पानं, अठरा मुद्दे. लिहिणारा मात्र भूलतज्ज्ञ. मोठा अपघात एकाच कारणाने होत नाही, अनेक बारीक त्रुटी जुळून आल्या की होतो; आणि निकाल ठाऊक असलेल्याला मागे वळून पाहताना सगळं उघड दिसत असतं, हे तो ठासून सांगतो. माझी मामेबहीण अतिदक्षता विभागात नर्स आहे. तिला पाठवताना सर्व्हरचा उल्लेखही केला नाही. "ताई, तुमच्याच खात्यातल्या डॉक्टरने लिहिलंय. शेवटी जिचा हात लागला तिच्यावरच सगळं का येतं, ते सातव्या-आठव्या मुद्द्यात बघ." तिने त्याची प्रिंट काढून ड्युटीरूममध्ये लावली. तोच मजकूर, पण ओळी बदलल्या नसत्या तर तिला तो संगणकवाल्यांचा वाटला असता.

ही कल्पना काही माझी नाही. अमेरिकी अभियंते व्हॅनिव्हर बुश यांनी जुलै 1945च्या 'अटलांटिक' मासिकात 'मेमेक्स' नावाच्या एका काल्पनिक यंत्राचं वर्णन केलं होतं. सगळी कागदपत्रं टेबलात साठवायची आणि एकातून दुसऱ्याकडे जाणारी वाट आखून ठेवायची. त्यांचं उदाहरणही मजेदार. क्रुसेडच्या लढायांत तुर्कांचं आखूड धनुष्य इंग्रजांच्या लांब धनुष्यापेक्षा सरस का ठरलं, याचा माग काढणारा एक माणूस. तो पुस्तकं, लेख जोडत जातो आणि पुढे त्या वाटेची प्रत मित्राला देतो. लोक या लेखात लिंकचं भाकीत शोधतात. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटते. वाट आखताना हा माणूस अधूनमधून स्वतःची टिप्पणी घालतो, स्वहस्ते लिहिलेलं एक पानही जोडतो. अशा वाटा आखणं हा पुढे एक व्यवसायच होईल, असं बुश यांना वाटत होतं. वाटा उदंड झाल्या. ते हाताने लिहिलेलं पान तेवढं गळलं.

कोलंबिया विद्यापीठ आणि फ्रान्सच्या इन्रिया संस्थेच्या संशोधकांनी 2016 साली ट्विटरवरच्या बातम्यांच्या लिंका तपासल्या, तेव्हा शेअर झालेल्या 59 टक्के लिंकांवर कुणी एकदाही क्लिक केलेलं नव्हतं. न वाचता पुढे ढकलण्याची किंमत आपल्याकडे फार मोठी मोजली गेली. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठेचून मारलं. ही अफवा व्हॉट्सॲपवरून फिरत होती. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा जाहीर केली. मर्यादा बरोबरच, पण ती फक्त आकडा रोखते. पाठवणाऱ्याने वाचलं की नाही, हे तिला कळणार नाही.

बाकी किरकोळ शिस्त. नक्कल नको, मूळ पान शोधावं. लिंकमधलं प्रश्नचिन्हापुढचं शेपूट बऱ्याचदा माग काढण्यासाठी चिकटवलेलं असतं. ते छाटून लिंक उघडते का पाहावं. जुनं पान इंटरनेट आर्काइव्हवर जतन करावं, कारण 2013 साली असलेल्या पानांपैकी 38 टक्के दहा वर्षांनी सापडली नाहीत, असं प्यू या अमेरिकी संशोधन संस्थेला आढळलं.

आणि एक विनंती. लेखकाचं नाव पुसू नका, नसलेलं चिकटवू नका. पु. ल. आणि व. पुं.च्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेलं बरंच काही फिरतंय. पुढचा लेख पाठवाल तेव्हा गटावर टाकू नका. एकाच माणसाला पाठवा, आणि त्यालाच का, ते वर लिहा.