पुणे, एक सीट!

सत्तर-ऐंशीच्या दशकात मुंबईच्या चाळींत आणि कॉलन्यांत वाढलेल्या आम्हा मुलांच्या घरी गाडी नव्हती. फियाटसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे, आणि नंबर लावायलाही गाठीला पैसे हवेत. आमची फियाट काळी-पिवळी, तीही इतरांबरोबर वाटून घेतलेली.

चर्चगेटहून नरिमन पॉइंटच्या शेअर टॅक्सीत बसत ते लेटमार्कच्या धास्तीतले कारकून आणि टायपिस्ट. वडील मंडळी चालत जात. 'पायांना काय झालंय?' हा त्यांचा ठरलेला प्रश्न. नोकरी करणारी आत्या मात्र बसे, तेही पगाराच्या आठवड्यात.

पण शेअर टॅक्सी म्हणावी ती दादर-पुण्याची! एसटीहून महाग, अख्ख्या टॅक्सीहून कितीतरी स्वस्त. तिच्यात बसणारे ना गरीब, ना श्रीमंत. ते अडलेले असत. डेक्कन क्वीनचं रिझर्वेशन न मिळालेले, पुण्याच्या कोर्टात तारीख असलेले, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक आणि एसटीचे हादरे नकोत म्हणून तिला घेऊन जाणारी आई. सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. 'पुणे, एक सीट!' अशी हाळी ऐकत तिघं ताटकळायचे आणि शेवटी आलेला ऐटीत विचारायचा, खिडकी मिळेल का?

गाडी सुटली की आधी आडनाव, मग गाव, मग 'त्या अमक्यांचे तुम्ही कोण?' खोपोलीच्या वड्यापर्यंत काहीतरी नातं निघेच. (न निघालं तर निदान कुणाच्या तरी भाचीसाठी स्थळ निघे.) बोरघाटात फियाट तापली की सगळे उतरून बॉनेटकडे गंभीरपणे बघत, कळत कुणालाच काही नसे. घाटातल्या शिंगरोबाच्या देवळापाशी ड्रायव्हर नाणं टाकी, तेव्हा मागून आमची आईही त्याच्या हातावर चार आणे ठेवी. आपल्याही वाटेचं टाकायला नको का?

२०२३च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची, म्हणजे त्याच काळ्या-पिवळ्या फियाटची, मुदत संपली. तोवर आमच्या दारांत गाड्या येऊन जुन्याही झाल्या होत्या. गंमत अशी, की आता सीट वाटून घेतात ती गाडी परवडणारी आमचीच मुलं. हिंजवडीत नोकरी, पार्किंगची कटकट, एक्सप्रेसवेचा टोल. एकट्यानं कशाला भरायचा, हा त्यांचा हिशेब. मला तो वडिलांच्या हिशेबापेक्षा फार वेगळा वाटत नाही. २०१५ साली भारतात आलेल्या ब्लाब्लाकार या गाडीतल्या सीट वाटून घ्यायच्या ॲपवर तर समोरचा किती बोलका, हेही आधीच समजतं. आणि परक्यांच्या मांडीला मांडी लावून घाट चढलेले आम्ही त्यांना बजावतो, अनोळखी गाडीत बसू नकोस!

परवा भाची अशीच मुंबईला निघाली. आजीनं फोनवर विचारलं, "गाडीवाल्याचं आडनाव काय गं?"

"आडनाव नाही माहीत आजी. रेटिंग चार पॉइंट आठ आहे."

"बरं," आजी म्हणाली, "पण कुठले?"