लाल पट्टीपलीकडचं घर

काकांनी १९७९च्या शिमग्याला मस्कतहून ऑलिंपस ट्रिप ३५ आणला, तोवर राजापूरजवळच्या आमच्या वाडीत कॅमेरा म्हणजे स्टुडिओत तिकाटण्यावर उभी असणारी वस्तू होती. हा तर तळहातावर मावत होता. भिंगाभोवती बारीक फुगवट्यांचं कडं, माशीच्या डोळ्यासारखं. कॅमेऱ्याचा जीव त्या कड्यात होता. त्याच्यामागे सेलेनियम. उजेड पडला की त्यातून थोडीशी वीज निघते, त्या विजेवर आतली सुई हलते आणि उजेड किती आत घ्यायचा ते ठरतं. बॅटरी लागतच नाही. ज्या घरात सेल फक्त रेडिओ आणि विजेरीसाठी जपून ठेवले जात, तिथे हे मोठंच सुख होतं.

वापरायलाही सोपा. चार चित्रांपैकी एक निवडायचं: एक माणूस, दोन माणसं, घोळका, डोंगर. बाकीचं तो पाहून घेई. भरपूर उजेडात शटर १/२०० सेकंद, कमी उजेडात १/४०. त्याहून कमी पडला, तर कळ दाबताच बघायच्या चौकटीत खालून लाल पट्टी वर येई आणि शटर पडतच नसे. ऑलिंपसच्याच १९६१च्या पेन ईईमध्ये ही युक्ती आधीपासून होती. ३६ फोटोंचा रोल एका गणपतीपासून शिमग्यापर्यंत पुरवायचा आणि धुवायला रत्नागिरीला न्यायचा. एकही फोटो वाया जाऊ न देणाऱ्या त्या पट्टीचं आम्हांला कोण कौतुक!

पुढे गुरुग्रामला छायाचित्रकार आदित्य आर्य यांनी उभारलेलं ‘म्युझिओ कॅमेरा’ हे संग्रहालय पाहायला गेलो. काचेआड ट्रिप दिसला आणि मनात आमचा अल्बम पानापानाने उलगडू लागला. तेव्हा जाणवलं, त्या अल्बमात आमच्या घराचा आतला भाग कुठेच नाही.

कोकणातलं घर बाहेरून आत अंधारत जातं. खळ्यात लख्ख ऊन, ओटीवर सावली, माजघरात भरदुपारीही डोळे सरावावे लागतात. चुलीपाशी धूर आणि चाळीसचा दिवा. १०० एएसएच्या रोलवर, भिंग पूर्ण उघडून आणि १/४० सेकंद देऊनही तिथला फोटो निघत नाही. उजेड ठरवणारं दुसरं कडं आपोआप चालणाऱ्या ‘ए’वरून काढून २.८वर आणलं तर पट्टी आडवी येत नाही, पण ती सोय फ्लॅशची, आणि फ्लॅश आमच्याकडे नव्हता. म्हणून अल्बमात आहे ती खळ्यात नाचवलेली पालखी, भाताची झोडणी, आंब्याच्या पेट्या, ओटीच्या पायरीवर बसलेले आजोबा. गणपतीसुद्धा फक्त विसर्जनाला निघताना दिसतो. माजघरात मखरात बसलेला त्याचा एकही फोटो नाही.

आजीचा एक फोटो आहे. हाक मारून बाहेर बोलावलेली, माजघराच्या दारात उभी. उन्हाने डोळे बारीक झालेले, पदर घाईने सावरलेला, उजवा हात मनगटापर्यंत तांदळाच्या पिठाने पांढरा. मागे दाराची चौकट, आणि चौकटीत नुसता काळा रंग. त्या काळ्यात जातं आहे, उतरंड आहे, बाळंतिणीची खाट आहे. आमच्या घरातल्या बायकांचं जवळजवळ सगळं आयुष्य त्या चौकटीत गेलं.

कॅमेऱ्याला दोष देता येत नाही. आपल्याला काय दिसत नाही, हे तो दरवेळी लाल पट्टी दाखवून सांगत होता. आपण मात्र अल्बमालाच घराची आठवण समजतो. ज्याचा फोटो असतो त्याची गोष्ट नातवंडांना सांगितली जाते, ज्याचा नसतो त्याची थांबते. झोडणीच्या फोटोतल्या गड्यांची नावं आमच्या पुतण्यांना पाठ आहेत. आजीच्या सासूचं नाव विचारलं, की घरातली मोठी माणसं एकमेकांकडे बघतात.

म्हणून हल्ली अल्बम घेऊन मी आत्याकडे चिपळूणला जाऊन बसतो. बाहेरचे फोटो दाखवतो आणि आतलं विचारतो. तिच्याकडून कळलं, की आजीला लिहिता येत नव्हतं. दुधाचा हिशेब ती माजघराच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी ठेवी. दिवाळीला घराला चुना काढताना तेवढी जागा सोडत. आजोबांनीही त्या रेघांवर कधी शंका घेतली नाही. हिशेबाची एक आख्खी वही आमच्या घरात होती आणि आम्हां नातवंडांना तिचा पत्ता नव्हता!

ट्रिप १९८४पर्यंत बनत राहिला आणि जगभर घरोघरी पोचला. त्याची भिंगं, शटर, सुई हे सगळं संग्रहालयं नीट सांभाळतील, आणि ते व्हायलाच हवं. पण त्याच्या लाल पट्टीमागे जे राहिलं, ते कुठल्याही काचेआड मिळायचं नाही. ते घरच्यांनीच विचारून लिहून ठेवायचं आहे, आणि सांगू शकणारी माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत.