हमरियातले डेविट



2020 साली इस्रायल आणि अमिराती यांच्यात करार झाला आणि आपल्या लोकांना दुबईला जाणे सोपे झाले. बहुतेक जण उंच इमारती आणि सोन्याचा बाजार पाहून परततात. आम्ही एक दिवस काढून हमरिया फ्री झोनला गेलो. हा शारजाचाच भाग, पण अजमान ओलांडून पुढे, उम्म अल कुवेनच्या अलीकडे. 1995 साली त्याची स्थापना झाली. बंदर, गोदामे, कारखाने आणि बोटींचे यार्ड, सगळे एका जागी.

एका यार्डात यॉटला डेविट बसवत होते. डेविट म्हणजे बोटीच्या मागच्या अंगाला लावलेले स्टीलचे दोन वाकडे हात. कप्पी आणि दोराने छोटी होडी, म्हणजे डिंगी, पाण्यातून वर घ्यायची आणि टांगून न्यायची. गंमत म्हणजे, शब्दकोशांप्रमाणे या नावाच्या मुळाशी आपला दावीदच आहे!

फिटर निघाला रत्नागिरीकडचा. मराठी ऐकून खूश झाला. म्हणाला, "काका, हात कितीही जाड घ्या हो, खालचा डेक कच्चा असेल तर काय उपयोग?" म्हणून डेकच्या खालून रुंद प्लेट देऊन बोल्ट आरपार आवळतात. नुसत्या स्क्रूवर काम नाही. दोन हातांमधले अंतर होडीच्या उचलायच्या कड्यांशी जुळवतात.

वजनाचा हिशोबही त्यानेच समजावला. होडी आणि मोटर मिळून शंभर किलो धरा. तळाची जागा दोन मीटर लांब, 80 सेंटीमीटर रुंद असेल आणि त्यात 10 सेंटीमीटर पाणी साचले, तर आणखी 160 किलो! म्हणून टांगल्यावर तळाचे बूच काढून ठेवायचे. मोटर उतरवून बोटीवर बांधायची. होडी हिंदकळू नये म्हणून आडवे पट्टे ताणायचे. समुद्र खवळलेला असेल तर ती आत डेकवरच घ्यावी, कारण मागून येणारी लाट तिला भरून टाकते.

नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटले आणि सात पुरुष, सात स्त्रिया वाचल्या, ही आपल्या बेने इस्राएल लोकांची परंपरा. मोठे जहाज गेल्यावर माणसाला जवळ काय उरते, हे आपल्याला वेगळे सांगायला नको. तेव्हा तुमच्यापैकी कोणी बोट घेणार असेल, तर वरची चकाकी मागाहून बघा. आधी डेकच्या खाली डोके घालून प्लेट आहे का ते पाहा.