पंचेचाळिसाव्या वर्षीची शाळा



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे वाचणं-लिहिणं बंद होतं. माणूस नुसता बसून राहिला की जुन्या गोष्टी वर येतात. त्यातली एक मी कितीतरी वर्षं लिहीन लिहीन म्हणत होते. आज लिहून टाकते.

माझा भाचा, ताईचा मोठा मुलगा, फौजेत होता. (नाव लिहायचं नाही अशी त्याची सक्त ताकीद आहे. नातेवाइकांना कळेलच!) २०१० साली तो कर्नल असताना त्याची एका कोर्ससाठी निवड झाली. सिकंदराबादला, वर्षभर, आणि विषय काय तर मॅनेजमेंट. ताई-भाऊजी तेव्हा नांदगाव पेठेला माझ्याकडेच आले होते. भाऊजी जुने शेतकरी, संत्र्याच्या बागेत आयुष्य गेलेलं. ते ओसरीवर बसल्या बसल्या म्हणाले, "पंचेचाळीस वर्साचा झाला, अन् आता शाळेत कायले जाते? इतके दिवस मंग फौजेत काय शिकला?"

आम्ही सगळे हसलो. पण खरं सांगते, मलाही तेच वाटलं होतं. मॅनेजमेंट म्हणजे टाय लावलेली मुलं, कंपन्या, नफा-तोटा. मी मराठी माध्यमातून बी. ए. झालेली, जन्मभर मराठी आणि इतिहास शिकवलेला. माझ्या डोक्यात सैनिक म्हणजे सीमा, बंदूक आणि हुकूम. त्यात 'व्यवस्थापन' कुठून आलं?

जानेवारी २०११ मध्ये ताई आणि मी त्याच्याकडे गेलो. अकोल्याहून पूर्णा, नांदेड करत सिकंदराबाद. अकोला-पूर्णा ही पूर्वीची मीटरगेज, २००८ साली ब्रॉडगेज झाली, त्यामुळे प्रवास सुखाचा झाला. खिडकीशी बसून मला इतिहासाचा जुना धडा आठवत होता. आपलं वऱ्हाड एके काळी याच हैदराबादच्या निजामाचं. इंग्रजांनी त्याच्याकडे एक फौज ठेवली होती, 'हैदराबाद कंटिन्जंट'. तिचा खर्च निजामाने द्यायचा. अचलपूरलाही तिची छावणी होती. पगाराची बाकी थकत थकत गेली आणि १८५३ साली त्या खर्चापोटी वऱ्हाडच कंपनी सरकारच्या ताब्यात गेलं. १९०२ साली तर कायमचा पट्टा झाला. लढाईत हरल्यामुळे गेलेले प्रांत पुष्कळ आहेत. आपला प्रांत फौजेच्या पगाराच्या बाकीपायी गेला! मी हे वर्षानुवर्षं वर्गात सांगितलं, पण फौज आणि हिशोब यांचा संबंध काय, हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता.

भाच्याचं कॉलेज सैनिकपुरी भागात. नाव कॉलेज ऑफ डिफेन्स मॅनेजमेंट. डिसेंबर १९७० मध्ये ते इन्स्टिट्यूट म्हणून सुरू झालं, १९८० पासून कॉलेज म्हणतात. भूदल, नौदल, हवाई दल, तिन्हींचे अधिकारी एकाच वर्गात, शिवाय मित्रदेशांचेही काही. कर्नल आणि त्या बरोबरीचे लोक मोठ्या कोर्सला येतात आणि उस्मानिया विद्यापीठाची व्यवस्थापनातली पदव्युत्तर पदवी घेऊन जातात. पुण्याला सिम्बायोसिसने १९९३ मध्ये सैन्यातले लोक आणि त्यांच्या मुलाबाळांसाठी मॅनेजमेंटची संस्था काढली, ती मला ऐकून माहीत होती. आयआयएममध्येही निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्यांसाठी सहा-सहा महिन्यांचे वर्ग चालतात. पण ते पुढच्या नोकरीसाठी. सिकंदराबादची शाळा फौजेतच वर चढणाऱ्यांसाठी.

रात्री जेवताना मी त्याला भाऊजींचाच प्रश्न विचारला. "बाबू, वीस-बावीस वर्षं माणसं सांभाळलीस. आता पुस्तकातून काय नवीन शिकणार?"

तो म्हणाला, "मावशी, कॅप्टन-मेजर असताना माझ्या हाताखाली शे-सव्वाशे जवान होते. कोणाच्या बायकोचं बाळंतपण आहे, कोणाचा शेतीचा वाद चालू आहे, सगळं मला ठाऊक असायचं. पलटण हातात आली तेव्हा आठशे झाले. तरी चेहरे माहीत. पुढे ब्रिगेड म्हणजे तीन हजारांच्या वर. आता मला माणूस दिसत नाही, कागद दिसतो. बूट किती, डिझेल किती, आजारी किती, रजेवर किती. आणि गंमत म्हणजे पद मोठं झालं की खरं सांगणारेही कमी होतात. इथे आम्हाला कागदातून माणूस कसा शोधायचा ते शिकवतात."

मग त्याने एक गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धात अटलांटिक समुद्रात जर्मन पाणबुड्या इंग्रजांची मालवाहू जहाजं बुडवत होत्या. जहाजं तांडा करून जात आणि भोवती लढाऊ जहाजांचा पहारा असे. नौदलाचं मत की तांडा लहान असलेला बरा. ब्लॅकेट नावाचे पदार्थवैज्ञानिक (१९४८ चे नोबेलवाले) आणि त्यांचे सहकारी यांनी जुन्या तांड्यांचे आकडे काढून पाहिले. तांडा मोठा असो की लहान, एका हल्ल्यात बुडणारी जहाजं साधारण तेवढीच! मग मोठ्या तांड्यात नुकसानीचं प्रमाण आपोआप कमी.

मला पटकन समजेना. मग सहलीचं आठवलं. वीस मुलं गोलात उभी केली तर भोवती पाच शिक्षक लागतील. पण चाळीस मुलांना दहा लागत नाहीत, सात-आठ पुरतात, कारण मुलं आतमध्ये वाढतात आणि पहारा कडेला असतो. मी हे सांगितल्यावर भाचा खूश. म्हणाला, "मावशी, बरोब्बर हेच!" मंडळी, एवढी साधी गोष्ट, पण अनुभवी दर्यावर्दींना दिसली नव्हती. अनुभव होता म्हणूनच दिसली नाही की काय कोण जाणे. हेच ब्लॅकेट स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरूंचे संरक्षणविषयक सल्लागार म्हणूनही आले होते.

मी म्हटलं, "अरे, हे तर आपल्या शिवाजी महाराजांनीही सांगितलंय." चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं ते पत्र आठवा. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आत्ताच उधळलात तर पावसात घोडी मरतील, मग तुम्ही कुणब्यांकडून ओरबाडून आणाल आणि रयतेला मोगल बरे वाटतील. दिव्याची जळती वात उंदीर ओढून नेईल आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत त्यात लिहिलं आहे. गडांच्या राजाने उंदराचा विचार करून ठेवला होता! भाचा म्हणाला, "ते पत्र आमच्या वर्गात वाचायला पाहिजे."

पण लगेच त्याने दुसरी बाजूही सांगितली. अमेरिकेचे मॅकनामारा हे फोर्ड मोटार कंपनीचे अध्यक्ष होते, १९६१ ते १९६८ संरक्षणमंत्री झाले. हिशोबात एकदम पक्के. व्हिएतनामच्या युद्धात शत्रूचे किती मेले ते मोजत राहिले. आकडे चांगले येत होते आणि युद्ध हातातून जात होतं. "जे मोजता येतं तेवढंच खरं मानलं की असं होतं, मावशी. आकडा बघायचा, आणि मग उठून जाऊन माणसाला विचारायचं. दोन्ही पाहिजे."

आणि मग जेवण संपता संपता त्याने सहज विचारलं, "तू मुख्याध्यापिका होतीस ना? तुमच्या शाळेतली मुलं मधेच गळायची, त्याचा कधी हिशोब काढला होता का?"

मी म्हटलं, "काढायचा काय? सगळ्यांना माहीत होतं. मुली गळायच्या. आई-बापांना शिकवायच्या नसतात."

तो काही बोलला नाही. पण तो प्रश्न माझ्याबरोबर गाडीत बसून परत आला.

आता जे लिहिते आहे ते लिहायला मला चौदा-पंधरा वर्षं लागली. १९९९ मधली गोष्ट. आठवीत एक मुलगी होती. अक्षर मोत्यासारखं, निबंध असा लिहायची की मी तो वर्गात वाचून दाखवायची. मेन रोडपासून आत असलेल्या गावातली. दिवाळीनंतर ती येईनाशी झाली. मी स्वतः तिच्या घरी गेले. चांगली मुख्याध्यापिका म्हणून माझा लौकिक होता, आणि घरी जाणं हा त्यातलाच भाग. तिच्या वडिलांना मी अंगणात उभं करून अर्धा तास सुनावलं. मुलीची जात म्हणून शिकवत नाही का, सावित्रीबाईंनी कशासाठी शेण-दगड झेलले, वगैरे वगैरे. ते मान खाली घालून "हो बाई, हो बाई" म्हणत राहिले. मुलगी दाराआड उभी होती. ती परत आली नाही. मी घरी येऊन यांना म्हटलं, "या लोकांना कितीही सांगा, उपयोग नाही."

सिकंदराबादहून आल्यावर मी माझ्या जुन्या शाळेत गेले आणि आमच्या वेळच्या क्लार्ककडून जनरल रजिस्टर मागून घेतलं. दोन दुपारी बसून शाळा सोडलेल्या मुलींची नावं एका वहीत उतरवली. नावापुढे गाव आणि नाव कमी केल्याची तारीख. बस, एवढंच. कुठलंही मोठं गणित नाही. तर मंडळी, बहुतेक मुली आतल्या दोनच गावांच्या. आणि बहुतेक सगळ्या दिवाळी ते संक्रांत या दिवसांत गेलेल्या.

मी वही बघत बसले. मग एकदम लक्षात आलं. आमची शाळा सुटायची साडेपाचला. त्या गावांकडे जाणारी एस.टी. सव्वापाचला निघायची आणि पुढची थेट सातला. उन्हाळ्यात, पावसाळ्यात सातपर्यंत थोडा उजेड असतो, मुली थांबायच्या किंवा घोळक्याने चालत जायच्या. हिवाळ्यात सहालाच अंधार. कुठल्या बापाने तेरा वर्षांच्या पोरीला फाट्यापासून अंधारात चालत येऊ द्यावं? मुलींना पास फुकट होता. गाडी होती. शाळा होती. फक्त वेळ जुळत नव्हती. आणि शाळेची वेळ ठरवणारी कोण, तर मी. अर्धा तास लवकर भरवली असती तर कोणाची परवानगी काढायला फार कष्ट पडले नसते.

वर्गशिक्षिका असताना मला कोणती मुलगी कोणत्या गाडीने येते ते तोंडपाठ होतं. मुख्याध्यापिका झाले आणि माझी केबिन झाली. समोर रजिस्टर आलं, त्यावर मी रोज सही केली, पण वाचलं नाही. आणि मी बाई असून! पुरुष मुख्याध्यापकाला एक वेळ सुचलं नसतं, पण मला सुचायला हवं होतं. म्हणून मला आता भाऊजींच्या प्रश्नाचं उत्तर कळलं आहे. माणूस वर चढतो तेव्हाच त्याला पुन्हा शाळेत घालायला पाहिजे, कारण तेव्हाच त्याला दिसणं कमी होतं. फौजेला हे १९७० मध्ये उमगलं. आम्हाला मुख्याध्यापक करताना नियमांचं पुस्तक आणि किल्ल्यांचा जुडगा दिला होता.

ती मुलगी मला २०१६ साली भेटली. नांदगाव पेठेच्या एमआयडीसीत कपड्याच्या कारखान्यात कामाला होती, शिफ्ट सुटून घरी चालली होती. तिनेच मला ओळखलं, वाकून नमस्कार केला. मी रस्त्यातच तिला गाडीचं विचारलं. ती म्हणाली, "हो बाई, गाडीच भेटे नाही." मग थोडं थांबून, "तुम्ही घरी आल्ते ना, तवापासून बाबा कितीक दिवस कोनाशी बोललेच नाही. त्याईले मले शिकवाचं होतं."

मी माफी मागायचा प्रयत्न केला. ती संकोचली, म्हणाली, "जाऊ द्या ना बाई." तिचे वडील तोपर्यंत गेलेले होते. त्यांची माफी राहिली ती राहिलीच.

भाचा २०१९ मध्ये निवृत्त झाला. भाऊजीही आता नाहीत. ते असते तर त्यांना सांगितलं असतं की भाऊजी, तुमचा मुलगा शाळेत गेला त्याचा उपयोग मलाही झाला, फक्त दोन वर्षं उशिरा, कारण मी २००९ लाच रिटायर झाले होते.

असो. माझे काही जुने विद्यार्थी आज मुख्याध्यापक आहेत, एक-दोघं मोठ्या हुद्द्यावर आहेत, ते हे वाचतात. त्यांना बाईंचा एक गृहपाठ. आपल्या ऑफिसातलं एखादं रजिस्टर, ज्यावर तुम्ही रोज सही करता, ते एक दिवस घरी न्या आणि शांतपणे वाचा. त्यात काही खटकलं तर फोन करू नका. स्वतः उठून जा, आणि या वेळी आधी विचारा, मग बोला.

डोळ्यात थेंब टाकायची वेळ झाली. थांबते.