सोळा गावांची एक कोमुना

आपल्याकडे चार वाड्यांची मिळून ग्रुप ग्रामपंचायत असते ना, तशी रोमानियात 'कोमुना' असते. लोकांनी थेट निवडून दिलेला प्रिमार, म्हणजे आपला सरपंचच, आणि सोबत सदस्य. अपुसेनी डोंगरात, आल्बा जिल्ह्यात रोशिया मोंताना ही अशीच एक कोमुना. तिच्यात 16 गावं.

या गावांखाली सोनं आहे. रोमनांनी दुसऱ्या शतकात खोदलेले बोगदे आजही शाबूत आहेत. त्यांत सापडलेल्या मेणाच्या पाट्यांवर मजुरीचे, उधारीचे, घरविक्रीचे करार आहेत. म्हणजे अठराशे वर्षांपूर्वीही तिथं हाच व्यवहार चालू होता!

सरकारी खाण 2006 मध्ये बंद पडली. त्याआधीच एक कॅनेडियन कंपनी येऊन बसली होती. बेत असा, की चार डोंगर फोडायचे, सायनाइड वापरून सोनं काढायचं आणि कोर्ना गावाच्या खोऱ्यात विषारी गाळ साठवायचा. पुष्कळांनी घरं विकली. रोजगार नव्हता, त्यांना नावं कशी ठेवणार? काही जण मात्र हटले नाहीत. 2013 मध्ये त्यांच्यासाठी बुखारेस्ट, क्लुजचे रस्ते माणसांनी भरले आणि पुढे संसदेनं खाणीचा कायदा फेटाळला. 2021 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा म्हटलं. कंपनीनं भरपाईचा दावा लावला होता, तोही 2024 मध्ये फेटाळला गेला.

जवळच जामाना नावाचं गाव होतं. सत्तरच्या दशकात तांब्याच्या खाणीचा गाळ तिथं सोडला. आज चर्चचं टोक तेवढं वर दिसतं.

तो फोटो पाहिला आणि आजी आठवली. माझं आजोळ उजनीच्या पाण्यात गेलं. धरण मायनसमध्ये गेलं की जुनी जोती उघडी पडायची. आजी तिथं जाऊन उभी राहायची आणि बोटानं दाखवायची, "हितं चूल होती." धरण नको होतं असं मी म्हणणार नाही, आमचा ऊस त्याच पाण्यावर उभा आहे. पण आजीला कुणी विचारलं नव्हतं, फक्त अंगठा घेतला होता.

रोशियात खाण थांबली म्हणून सगळं गोड झालं असंही नाही. काम मागणारे आजही काम मागतातच. पण डोंगर जागेवर आहेत, म्हणून दुसरा विचार करायला वाव तरी आहे. कोर्ना बुडालं असतं तर तोही उरला नसता.

पुढच्या महिन्यात आमच्या गावात खडीच्या खाणीसाठी ग्रामसभा आहे. मागच्या सभेला कोरम भरला नव्हता. बाजूनं बोला, विरोधात बोला, पण या. नंतर जोती दाखवत बसण्यापेक्षा तासभर सतरंजीवर बसलेलं बरं.